मागील दारच्या हौदाची दुरुस्ती : आखणीच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

गुहागरच्या आमच्या घरामागे, आगरात (नारळ-सुपारीच्या बागेत) शिरताना उजव्या हाताला जो चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, हौद आहे, त्याची दुरुस्ती या उन्हाळ्यात करायची असे ठरले आहे. काम करताना ऐनवेळी निर्णय घेतले की पैसे आणि पाणी दोन्ही वाया जाते, हा विहिरीच्या कठड्याच्या वेळचा अनुभव ताजा असल्यामुळे या वेळी आधी मोजमापे, मग विचार आणि शेवटी गवंडी असा क्रम ठेवण्याचे योजले आहे. ही वही त्यासाठीच.

हौद आतून ३.६ मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद आहे. खोली मोजताना वेळूची काठी प्रथम ७५ सेंटिमीटरवर अडली, पण जोर दिल्यावर ती आणखी १५ सेंटिमीटर खाली गेली. म्हणजे खरी खोली ९० सेंटिमीटर असून तळाशी वीतभर गाळ साचलेला आहे. क्षेत्रफळ ८.६४ चौरस मीटर येत असल्यामुळे पाण्याची पातळी एक सेंटिमीटर बदलली की सुमारे ८६ लिटरचा फरक पडतो. हा आकडा पानाच्या डोक्यावर लिहून ठेवला आहे, कारण पुढचा सगळा हिशेब त्याच्यावर चालणार आहे. हौदाचे ३० सेंटिमीटर जमिनीच्या वर आहेत आणि ६० खाली.

हौद गळतो हे घरात सर्वांना ठाऊक आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पश्चिमेकडचा माड कोसळून कठड्याचे चार चिरे निखळले, तेव्हापासून गळती लागली अशीही सर्वांची समजूत आहे. त्या पडक्या बाजूच्या भेगेत एक दिवड (पाण्याकाठचा साप) राहते. आज टेप लावताना तिने डोके बाहेर काढून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा आत घेतले. बिनविषारी असल्याने तिची अडचण नाही. तिला मात्र आमची अडचण होणार आहे.

१२ जानेवारी, रविवार

गळती किती आणि कोठून हे कळल्याशिवाय दुरुस्तीचा विचार करण्यात अर्थ नाही. म्हणून काल विहिरीवरचा पंप लावून हौद ८४ सेंटिमीटरपर्यंत भरला आणि आतल्या भिंतीला लाकडी पट्टी ठोकून तिच्यावर खुणा केल्या. हौदातल्याच एका दगडावर प्लास्टिकची बादली ठेवून तीही पाण्याने भरली आहे आणि तिच्या आतील पातळीवर रेघ ओढली आहे. बादली गळत नाही, तिच्यातले पाणी केवळ उन्हावाऱ्याने कमी होते. त्यामुळे हौदाच्या घटीतून बादलीची घट वजा केली की निव्वळ गळती उरते. बादली अंगणात न ठेवता हौदातच ठेवण्याचे कारण एवढेच, की दोन्हीकडच्या पाण्याला सारखाच गारवा आणि सारखाच वारा मिळावा. रोज सकाळी ८ वाजता नोंद घ्यायची आहे.

२० जानेवारी, सोमवार

आठ दिवसांच्या नोंदी हातात आल्या. हौदाची पातळी पहिल्या दिवशी ६२ मिलिमीटर उतरली, मग अनुक्रमे ५४, ४५, ३६, २६ आणि १६. बादलीतले पाणी मात्र रोज सारखे ४ मिलिमीटरने कमी होत होते. सातव्या आणि आठव्या दिवशी हौदही फक्त चार-चार मिलिमीटरच उतरला. म्हणजे पट्टीवर ६० सेंटिमीटरच्या खुणेजवळ येताच गळती थांबली, आणि त्याखालचे पाणी जागचे हललेले नाही.

पहिल्या दिवसाची निव्वळ गळती ५८ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ५०० लिटर होती. दोनशे लिटरच्या पिंपाने मोजले तर रोज अडीच पिंपे पाणी आपण वाळूत ओतत होतो. पण मला त्या आकड्यापेक्षा घट मंदावत जाण्याची रीत अधिक महत्त्वाची वाटते. तळाला किंवा भिंतीत खालच्या अंगाला भोक असते तर पातळी अशी ठरावीक जागी येऊन थांबली नसती. छिद्रावरच्या पाण्याची उंची जसजशी कमी होते तसतसा झरण्याचा जोर ओसरतो आणि पाणी छिद्राशी आले की तो संपतो. सहा दिवसांच्या आकड्यांनी हेच दाखवले आहे. माडाने फोडलेला कठडा या खुणेच्या वीसएक सेंटिमीटर वर आहे. त्याचा गळतीशी संबंध नाही.

मग ६० सेंटिमीटरवर आहे तरी काय? ही उंची बाहेरच्या जमिनीच्या पातळीशी तंतोतंत जुळते, हे सकाळी दोरी धरून पाहिले. दुपारी आईला विचारले तेव्हा कोडे सुटले. "अरे, मूळचा हौद जमिनीवरच होता, रहाटाचा. रहाटाचं पाणी त्यात पडायचं आणि तिथून पाटाने शिंपणं व्हायचं. खालचा भाग तुझ्या वडिलांनी मागाहून खणला, कमळं लावायची म्हणून." म्हणजे जुन्या भिंतीच्या पायाखाली खणून नवे थर खालून चढवत नेलेले आहेत, आणि जुना पाया व नवा थर जिथे भेटतात तो सांधा चारी बाजूंनी ६० सेंटिमीटरवरच आहे. खालून चढवलेले बांधकाम वरच्या पायाला कितीही जवळ नेले तरी शेवटच्या दर्जेत, म्हणजे थरांमधल्या फटीत, चुना नीट ठासून बसत नाही. वडिलांनी ही बाब कधी बोलून दाखवली नव्हती, आणि आमच्यापैकी कोणी विचारलीही नव्हती.

सांध्याच्या रेषेवर हात फिरवून पाहिला. पूर्वेकडच्या कोपऱ्याजवळ बोटाच्या पेराएवढी फट सापडली, आणि तिच्यातून उंबराचे दोरीसारखे मूळ आत आलेले आहे. टोकाला त्याच्या पांढऱ्या केसाळ मुळ्यांचा झुबका पाण्यात पसरला होता. ओढले तर फट मोठी होईल म्हणून तूर्त तसेच ठेवले आहे.

२६ जानेवारी, रविवार

गवंडी येऊन पाहून गेले. त्यांचे मत असे, की हौद सगळा पाडून आरसीसीत नवा करावा. त्यांना मापनाच्या नोंदी दाखवल्या. त्यांनी सांध्यात करणी घालून पाहिली आणि मग, काहीसे नाराजीने का होईना, भिंती शाबूत असल्याचे मान्य केले. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेवर टणक होत जातो. इतकी वर्षे उन्हापावसात उभे राहिलेले चिरे ठोकून पाहिले तर खणखणीत वाजतात. ते काढून टाकण्याला मला कारण दिसत नाही.

दुसरा पर्याय शेततळ्याला अंथरतात तसल्या प्लास्टिकच्या कापडाचा. मागेल त्याला शेततळे ही योजना २०१६ मध्ये आल्यापासून ५०० मायक्रॉनचे कापड कोठेही मिळू लागले आहे. हिशेब सोपा आहे: लांबीत खोलीची दुप्पट आणि दोन्ही बाजूंना कठड्यावर दाबायला ३०-३० सेंटिमीटर मिळवले की ६ मीटर, रुंदीत तसेच केले की ४.८ मीटर; म्हणजे जवळपास २९ चौरस मीटर कापड. खर्च कमी आणि काम एका दिवसाचे, त्यामुळे दोन दिवस मन तिकडे झुकले होते. पण उतार असलेल्या मोठ्या तळ्यासाठी केलेले हे ताठ कापड उभ्या भिंतींच्या लहान हौदात बसवताना चारही कोपऱ्यांत जाड घड्या पडतात आणि त्या घड्यांत घाण साठते. शिवाय आमच्या आगरात खेकडे आणि घुशी यांचे राज्य आहे. माडाच्या आळ्यातून घुशीने केलेले बीळ मी स्वतः हौदाच्या भिंतीपर्यंत आलेले पाहिले आहे. कापडाला खालून पडलेले भोक शोधणे म्हणजे आंधळ्या कोशिंबिरीचा खेळ.

९ फेब्रुवारी, रविवार

कापडाच्या विरोधात आणखी एक कारण आज विहिरीने दिले, आणि तेच मला सर्वांत भारी वाटते.

विहिरीच्या आतल्या बाजूला ओलीची काळपट रेघ आहे. ऑगस्टात पाणी तिथपर्यंत चढते, आणि ती रेघ जमिनीपासून अवघी २० सेंटिमीटर खाली आहे. समुद्रापाठच्या या पुळणवट जमिनीत विहिरीत जी पातळी, तीच आजूबाजूच्या वाळूतही असते. हौदाचा तळ जमिनीखाली ६० सेंटिमीटरवर आहे. म्हणजे भर पावसाळ्यात बाहेरचे पाणी तळाच्या ४० सेंटिमीटर वर उभे असते. हौद भरलेला असेल तोवर आतले पाणी बाहेरच्याला तोलून धरते. पण त्या दिवसांत कोणी साफसफाईसाठी हौद उपसला, तर तळावर खालून सुमारे साडेतीन टनांचा रेटा येतो. कापड असते तर ते फुगून पाण्यावर येईल. पातळ कोबा असेल तर मधोमध तडकेल.

यातून तीन गोष्टी निश्चित झाल्या. काम विहीर खोल गेलेली असताना, म्हणजे एप्रिलमध्येच करायचे. कापड बाद. आणि जून ते ऑक्टोबर या काळात हौद कधीही पूर्ण रिकामा करायचा नाही, हे कठड्यावर सिमेंट ओले असतानाच कोरून ठेवायचे, कारण माझ्यामागून जो कोणी हौद स्वच्छ करायला उतरेल त्याने ही वही वाचलेली असेलच असे नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

दुरुस्तीची पद्धत गवंड्यांशी बोलून पुढीलप्रमाणे ठरवली. सांध्याची दर्ज चारी बाजूंनी चार ते पाच सेंटिमीटर खोल उकरायची, उंबराचे मूळ बाहेरच्या अंगाने खणून बुंध्यापाशी तोडायचे, दर्ज धुऊन एकास तीन (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) मालाने ठासून भरायची आणि सांध्याच्या वरखाली मिळून ४५ सेंटिमीटर रुंदीची जाळीची पट्टी लावून तिच्यावरून सगळ्या हौदाला आतून दोन हातांचा गिलावा करायचा. तळ आणि भिंत जिथे मिळतात तिथे काटकोन न ठेवता गोलाकार वाटा काढायचा, कारण पहिली चीर नेहमी तिथेच जाते.

जाळीवरून थोडा मतभेद झाला. गवंडी नेहमीप्रमाणे कोंबडीची जाळी म्हणत होते. पण समुद्र हाकेच्या अंतरावर असताना गिलाव्यात लोखंड घालणे मला धोक्याचे वाटते. गंजलेले लोखंड फुगते आणि गिलावा सोडवते. सिमेंटमध्ये टिकणारी काचतंतूंची जाळी मिळते, ती आणण्याचे ठरले. याच कारणाने पुळणीवरची किंवा खाडीची वाळू वापरायची नाही. धुतलेली क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) ट्रकने मागवायची. माल कालवायचे पाणीही गोडे हवे. आमच्या विहिरीचे पाणी मे महिन्यात मचूळ लागते, एप्रिलच्या सुरुवातीला नाही.

मालाचा अंदाज असा : चारी भिंती १०.८ आणि तळ ८.६४ मिळून साडेएकोणीस चौरस मीटर. २० मिलिमीटर जाडी धरली तर ओला माल ०.३९ घनमीटर. त्यासाठी कोरडे साहित्य एकतृतीयांशाने जास्त धरून सिमेंट चार गोण्या होते. सांडलवंड आणि सांध्याच्या दर्जेची भरणी धरून पाच आणायच्या. वाळू चौदा घनफूट पुरेल, पण ट्रकवाला चौदा घनफूट आणून टाकणार नाही, हे गृहीत धरलेले बरे.

२ मार्च, रविवार

पावसाचा हिशेब केला. ताशी १०० मिलिमीटर पाऊस आपल्याकडे अगदीच नवलाचा नाही. तेवढ्या पावसात हौदाच्या तोंडावर पडणारे पाणी फक्त ८६४ लिटर होते. पण मागच्या छपराची ४० चौरस मीटरची उतरण जर पन्हळीने हौदात घेतली, तर तिचे आणखी ४,००० लिटर. रिकामा हौद सव्वा-दीड तासात भरेल. हे पाणी हवेच आहे, कारण मचूळपणा त्यानेच निघून जातो. मात्र पहिल्या दोन-तीन सरींत कौलांवरची धूळ, शेवाळ आणि उंदरांच्या लेंड्या येतात, म्हणून पन्हळीला वळती तोटी ठेवून तेवढे पाणी बाहेर सोडायचे.

जादा पाणी जाण्यासाठी ८० सेंटिमीटरच्या उंचीवर ११० मिलिमीटरचा पाइप बसवायचा. हिशेबाने याहून लहानही चालला असता, पण सुपारीची फुले गळायला लागली की लहान पाइप पहिल्याच दिवशी तुंबतो. पाइपाच्या आतल्या तोंडाला खाली वळणारा बाक लावला तर पाणी पृष्ठभागाखालून उचलले जाईल आणि तरंगणारा कचरा अडणार नाही. बाकाच्या डोक्यावर हवेसाठी एक छिद्र मात्र हवे, नाहीतर पाणी ठरलेल्या पातळीच्या खालपर्यंत ओढले जाईल. बाहेर हा पाइप जुन्या पाटाला जोडायचा. पाट पाचोळ्याखाली गाडला गेला असला तरी त्याचा उतार अजून पोफळींकडेच आहे. आज खराट्याने दहा हात मोकळा केला.

९ मार्च, रविवार

झाडे आणि मासे या विषयावर घरात सर्वांत जास्त बोलणे झाले आणि त्यामानाने लिहिण्यासारखे थोडे आहे.

आईला कमळे हवी आहेत. कमळाला दिवसाचे सहा तास तरी थेट ऊन लागते. मी जानेवारीत मोजले तेव्हा हौदावर जेमतेम चार तास ऊन भरले. पण ते मोजमाप एकांगी आहे, हे नंतर ध्यानात आले. जानेवारीच्या मध्यास सूर्य ऐन माध्यान्ही, म्हणजे घड्याळात पाऊण वाजता, क्षितिजापासून जेमतेम ५१ अंश वर असतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या पंधरा मीटर उंच माडाची सावली बारा मीटर लांब पडून हौदावर येते. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य डोक्यावर असताना तीच सावली माडाच्या बुंध्याशी गोळा होते. तरीही माडाच्या झावळ्यांखालचे ऊन हे गाळून आलेले ऊन. म्हणून हौदात दोन पसरट कुंड्यांत कुमुदिनी, काठाशी वेखंड, आणि कमळ समोरच्या अंगणात स्वतंत्र टबात, असे ठरवले. आईने यावर "बरं" एवढेच म्हटले, त्यामुळे विषय संपलेला नाही असे मी समजतो. जलपर्णी कोणी भेट म्हणून आणली तरी फाटकाबाहेरून परत पाठवायची.

पुण्याहून पुतण्याचा फोन होता. त्याला कोई (शोभेचे रंगीत जपानी) मासे आणि कारंजे हवे आहे. त्याला सविस्तर सांगितले, की कोईला याहून खोल पाणी लागते, सगळे पाणी दर दोन तासांनी गाळणीतून फिरवणारा पंप अखंड चालावा लागतो, आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज दोन-दोन दिवस नसते. शिवाय कोई पाणवनस्पती उकरून टाकतात आणि लाल-पांढरा मासा उथळ पाण्यात सोडणे म्हणजे खंड्याला आणि ढोकरी बगळ्याला ताट वाढून ठेवणे आहे. "मग काका, नुसतं डबकंच का?" असे तो म्हणाला. हो, जवळजवळ तसेच. पुढेमागे मत बदललेच तर सोय असावी म्हणून कठड्यातून एक रिकामी नळी काढून ठेवतो. तिच्यात वायर कधी आलीच तर ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय (वीज गळताच प्रवाह तोडणाऱ्या खटक्याशिवाय) येणार नाही.

डासांसाठी मासे हवेतच. गंबुसिया नको, डास खातील म्हणून १९२८ मध्ये देशात आणलेला हा परदेशी मासा बेडकांची पिल्लेही सोडत नाही, आणि जूनमध्ये या हौदात बेडकांची जी सभा भरते ती मला हवी आहे. भातखाचरांच्या चरांत डोक्यावर चकचकीत ठिपका असलेला बोटाएवढा स्थानिक मासा पाण्याच्या वरच्या थराला राहून अळ्या टिपतो. तसे दहा-बारा पुरतील. बेडकांना आणि चुकून पडलेल्या मांजराच्या पिल्लाला बाहेर येता यावे म्हणून उत्तरेच्या कोपऱ्यात दगडांची उतरती रचायची आहे.

२३ मार्च, रविवार

शिमग्यात गवंडी मिळणार नव्हतेच, आणि एप्रिलच्या मध्यापासून आंब्यामुळे गडी मिळणार नाहीत. मधली फट अरुंद आहे. पाडवा ३० तारखेला, म्हणून ३१ मार्चला सोमवारी हौद उपसायचा; पाणी पोफळींना आणि गाळ माडांच्या आळ्यांत. गाळात चतुराच्या अळ्या आणि जे काही जिवंत निघेल ते आधी पिंपात काढून घ्यायचे. २ ते ५ एप्रिल दर्जा उकरणे आणि मूळ तोडणे, रामनवमी झाल्यावर ७ ते १० गिलावा, आणि तेथून २४ तारखेपर्यंत ओली गोणपाटे टाकून सकाळ-संध्याकाळ पाणी मारणे. एप्रिलच्या उन्हात यात एक दिवस खाडा झाला तर सगळा खर्च केसाएवढ्या भेगांवर जाईल, म्हणून हे काम मी स्वतःकडे ठेवले आहे.

नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो आणि त्या पाण्यात मासा जगत नाही. नेमाने पाहता हौद तीनदा भरून उपसायला हवा, पण प्रत्येक भरणीला सुमारे ६,९०० लिटर लागतात आणि मे महिन्यात विहिरीकडून तेवढी अपेक्षा करणे योग्य नाही. तेव्हा २५ एप्रिलला पहिली भरणी, आठ दिवसांनी ते पाणी झाडांपासून दूर, फाटकाकडच्या वाळूत सोडायचे. ५ मेला दुसरी भरणी, तिच्यावर मच्छरदाणीचे कापड ताणून ठेवायचे, आणि तिसरी भरणी पावसाने करायची. पीएचचा कागद दर आठवड्याला बुडवून पाहायचा आणि आकडा साडेआठच्या खाली स्थिरावेपर्यंत मासे आणायचे नाहीत.

पश्चिमेचा पडका कठडा सर्वांत शेवटी घ्यायचा, असे गवंड्यांना आज पुन्हा सांगितले. दिवड अजून तिथेच आहे. हौद उपसल्यावर तिने आपणहून विहिरीकडचा रस्ता धरला तर ठीक, नाहीतर त्या चार चिऱ्यांमागची एक दर्ज भरायची नाही; ती पाण्याच्या पातळीच्या वर आहे आणि तिच्यातून काही गळत नाही.